मातीचे संशोधन आणि सरकारी खजिना

म्हैसूर संस्थानाच्या इतिहासात ज्या घटनांना मोठेपणा दिला जातो, त्यांत १८९९ साली झालेल्या एका लहानशा दानाचा उल्लेख क्वचितच येतो. महाराज कृष्णराज वडियार त्या वेळी अज्ञान होते आणि राज्याची सूत्रे त्यांच्या मातुःश्री केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान यांच्या हाती रीजंट या नात्याने होती. या बाईंनी बंगळूरनजीकच्या हेब्बाळ येथील तीस एकर जमीन शेतीच्या प्रयोगासाठी तोडून दिली आणि जमिनीचा व पिकाचा परस्परसंबंध तपासण्यासाठी डॉ. लेहमान या रसायनशास्त्रज्ञाची दरबारच्या खर्चाने नेमणूक केली. या निर्णयामागे जी पार्श्वभूमी होती ती विसरण्यासारखी नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने संस्थान उद्ध्वस्त केले होते. १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर असलेली लोकसंख्या १८८१ साली एक्केचाळीस लाख शहाऐंशी हजारांवर आली होती. इतकी माणसे ज्या राज्याने गमावली, त्याला माती म्हणजे काय आणि ती पीक का देते व का नाकारते, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या विरंगुळ्याचा वाटणे शक्यच नव्हते.

सेंद्रिय शेतीच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यावा की नाही, आणि द्यावयाचा तर कोणत्या रीतीने द्यावा, याविषयी आज जी चर्चा चालते, तिचा विचार करताना मला या तीस एकरांची वारंवार आठवण होते. त्या काळी ‘सेंद्रिय शेती’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. परंतु दरबारने तेव्हा जे दिले, म्हणजे कायमची जमीन, पगारी माणूस आणि निकालाची घाई न करण्याची मोकळीक, तेच या संशोधनाला आजही हवे आहे. आणि आजच्या योजनांतून नेमके तेच सर्वांत कमी मिळते.

लेहमान यांच्यामागून १९०८ साली लेस्ली कोलमन हा कॅनेडियन तरुण म्हैसूरच्या सेवेत दाखल झाला. तंजावरच्या मराठी घराण्यातील व्ही. पी. माधवराव हे त्या वेळी संस्थानचे दिवाण होते, ही गोष्ट मराठी वाचकाने सहज लक्षात ठेवावी. कोलमनची नेमणूक कीटक आणि बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासासाठी होती, आणि त्याच्यापुढे पहिला मोठा प्रश्न आला तो मलनाडातील, म्हणजे संस्थानाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील, सुपारीच्या बागांचा. आमच्या कोकणात ज्याला बागायतदार कोळे रोग म्हणतात, तोच हा. नावसुद्धा कानडीतूनच आलेले, ‘कोळे’ म्हणजे कुजणे. मृग संपून पावसाची झड लागली, की कोवळ्या सुपारीच्या देठाशी ओलसर, काळपट हिरवा डाग पडतो, तो पसरत जाऊन फळ कुजते, गळते, आणि गळलेल्या फळावर पांढऱ्या बुरशीची लव चढते. वर्षभर जपलेला घोस पंधरा दिवसांत रिकामा होतो. यावर बागायतदारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय असा, की पावसाच्या तोंडावर पोफळींवर चढणारी कसबी माणसे लावून प्रत्येक घोसावर गवताची किंवा पोयीची टोपी बांधावयाची, म्हणजे पाणी घोसात शिरत नाही. उपाय खरा, पण मजुरी फार आणि जिवाला धोका त्याहून फार.

कोलमनने बागेत जाऊन रोगाचे जीवनचक्र शोधून काढले, तो ‘फायटोफ्थोरा’ जातीच्या बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले, आणि १९१० साली खात्यातर्फे त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण पावसापूर्वी एकदा आणि पुढे पाऊस चालू असतानाच उघडीप साधून पुन्हा फवारावे, हा त्याने दिलेला उपाय आजही बागायतदारांच्या हाती आहे. आता गंमत नव्हे, तर विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हेच बोर्डो मिश्रण आज सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांत बसते, मात्र मर्यादेने. कारण तांबे विरघळून जात नाही, ते मातीत साचत राहते. ज्या बागांत दोन-तीन पिढ्या फवारणी झाली, त्या बागांच्या मातीत किती तांबे साठले, गांडुळांवर आणि मुळांभोवतीच्या सूक्ष्म जीवांवर त्याचा काय परिणाम झाला, हे प्रश्न कोणत्याही एका हंगामात सुटणारे नाहीत. ते विचारणाराही सरकारी पगारावरचाच माणूस असावा लागतो, कारण बागायतदाराला तेवढी सवड नसते आणि मोरचूद विकणाऱ्याला त्यात रस नसतो.

येथे विषयाचा गाभा येतो. शेतीचे संशोधन पैशावाचून होत नाही, आणि पैसा स्वभावतःच तिकडे जातो जिकडे विकण्यासारखी वस्तू असते. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथील जगप्रसिद्ध प्रयोगक्षेत्र जॉन बेनेट लॉज यांनी १८४३ साली सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे सुपरफॉस्फेट खताचा एकाधिकार होता. त्या खताच्या नफ्यावर प्रयोग पोसले गेले आणि १८८९ साली त्यांनी एक लाख पौंडांचा निधी कायमचा बांधून दिला. लॉज यांच्या औदार्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या प्रयोगांत शेणखताचाही एक वाफा प्रथमपासून होता आणि तो आजतागायत चालू आहे. पण शेणखतासाठी असा निधी बांधून देणारा कारखानदार कोठून यावा? शेण गोठ्यात असते, पालापाचोळा बांधावर पडतो, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी कोणी पेटंट करून विकू शकत नाही. ज्या ज्ञानाने शेतकरी बाजारातून कमी विकत घेईल, त्या ज्ञानाचा खर्च उचलण्यास बाजार तयार होत नाही. म्हणून सेंद्रिय शेतीच्या संशोधनाला सार्वजनिक खजिन्याशिवाय दुसरा आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे अत्यंत बोलके उदाहरण होळकरांच्या इंदुरात घडले. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली तेथे वनस्पतिसंशोधनाची संस्था उभारली. होळकर दरबारने तीनशे एकर जमीन दिली, मध्य हिंदुस्थानातील इतर संस्थानांनी वर्गण्या दिल्या, आणि मोठा भार उचलला तो इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने. या कमिटीचा पैसा आला होता १९२३ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीवर बसवलेल्या पट्टीतून, म्हणजे पर्यायाने खुद्द कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या घामातून. त्या पैशातून इंदूर पद्धतीचे कंपोस्ट जन्मास आले. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा. त्यात कापसाच्या पऱ्हाट्या, तण आणि काडीकचरा गुरांच्या पायांखाली तुडवून, त्यावर शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलथापालथ. आणि तिसरा महिना संपता संपता हाताला काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधीचा लवलेश नसलेले खत. या कामाची हकिकत १९३१ साली ऑक्सफर्डतर्फे ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या नावासोबत यशवंत वाड हे दुसरे नाव छापलेले होते. आज जगभर सेंद्रिय शेतीचा आद्य ग्रंथ म्हणून हॉवर्ड यांच्या १९४० च्या पुस्तकाचे नाव घेतले जाते. पण त्याआधी नऊ वर्षे निघालेल्या पुस्तकावरील या मराठी रसायनज्ञाचे नाव मराठी वाचकांच्याही ध्यानात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

इंदूरची पद्धत खेड्यासाठी होती; शहराच्या कचऱ्याचे खत कसे करावे, हा प्रश्न म्हैसूर संस्थानात सुटला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला जमीन म्हैसूर दरबारने दिली होती, डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ साली ‘बंगळूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत बसवली. खड्ड्यात कचरा आणि मैला यांचे आळीपाळीने थर द्यावयाचे, वरून चिखलाने लिंपून टाकावयाचे आणि उलथापालथ न करता कित्येक महिने तसेच राहू द्यावयाचे. मजुरी वाचते, वेळ मात्र अधिक लागतो. त्याच संस्थेत जीवरसायनशास्त्राचे काम करणारे डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन, ज्यांनी तरुणपणी रोथॅमस्टेडला पाणथळ जमिनींतील रासायनिक घडामोडींचा अभ्यास केला होता, पुढे म्हैसूर शहरातील केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात ही संस्था ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली. धान्यातील कीड, साठवण आणि कीटकनाशकांचे उरलेले अंश यांवरील तिचे काम सेंद्रिय शेतीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. कारण ‘या तांदळात विष नाही’ असे म्हणण्यासाठी ते मोजणारी प्रयोगशाळा कोणीतरी आधी उभी केलेली असावी लागते.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. कानडीत सेंद्रिय शेतीला ‘सावयव कृषी’ म्हणतात. आपण इंद्रियांवरून शब्द घडवला, त्यांनी अवयवांवरून. पण शेत हा एक सजीव देह आहे, ही जाण दोन्ही शब्दांत आहे. या सावयव कृषीसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटकाची गणना होते. ते धोरण २००४ सालचे. पुढे ‘सावयव भाग्य’ या योजनेने होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालील महसुली विभागाच्या, पातळीपर्यंत हे काम नेले. म्हैसूरजवळ नागनहळ्ळी येथे बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने उभारलेले सेंद्रिय शेती संशोधन केंद्र आहे, धारवाडच्या विद्यापीठात सेंद्रिय शेतीची स्वतंत्र संस्था आहे, आणि नंजनगूड तालुक्यातील सुत्तूर येथे मठाच्या शिक्षणसंस्थेने चालविलेले कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना हे ज्ञान पोहोचवते. केंद्राच्या पातळीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००४-०५ पासून सेंद्रिय शेतीचा देशव्यापी संशोधन प्रकल्प चालविला. मोदीपुरम हे त्याचे मुख्य ठाणे, आणि केंद्रांत कर्नाटकातील धारवाड व आमच्या कोकणातील कर्जत यांचा समावेश. सर्वत्र एकाच आखणीने वाफे पाडून, पूर्ण सेंद्रिय, पूर्ण रासायनिक आणि मिश्र अशी तुलना वर्षानुवर्षे करावयाची, हे त्याचे सूत्र. मला विचाराल तर सेंद्रिय शेतीवर सरकारने खर्च केलेल्या पैशांत हा पैसा सर्वांत उत्तम रीतीने खर्च झाला.

कारण बाकीचा पैसा प्रायः दुसरीकडे जातो. २०१५ साली सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत शेतकऱ्यांचे गट बांधून, हेक्टरी पन्नास हजार रुपये तीन वर्षांत विभागून देण्याची तरतूद होती. त्यांतील मोठा भाग खते-औषधांसारख्या निविष्ठांसाठी, उरलेला प्रशिक्षण, प्रमाणीकरण आणि विक्रीसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली. तरतूद २,४८१ कोटींची, उद्दिष्ट पंधरा हजार गट, साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी. हे आकडे मोठे वाटतात, पण २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात रासायनिक खतांच्या अनुदानासाठी सुमारे एक लाख चौसष्ट हजार कोटींची तरतूद होती, हे त्याशेजारी ठेवून पाहावे. आणि या योजनांचा कालावधी पाहावा: तीन वर्षे, कधी दोन. रासायनिक शेतीतून आलेल्या जमिनीला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यासाठीच दोन-तीन वर्षांचे संक्रमण लागते. म्हणजे माती सावरू लागते त्याच सुमारास योजनेची मुदत संपते, खाते बंद होते आणि फाईल दप्तरात जाते.

मातीच्या प्रयोगाला किती वर्षे लागतात, याचा दाखला बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र या आवारातच आहे. तेथील कोरडवाहू शेतीच्या प्रयोगात १९७८ पासून नाचणीच्या वाफ्यांवर निरनिराळी खते सातत्याने दिली जात आहेत: कोठे काहीच नाही, कोठे हेक्टरी दहा टन शेणखत, कोठे केवळ रासायनिक खत, कोठे दोन्ही मिळून. प्रारंभीच्या वर्षांत रासायनिक खताचा वाफा चांगला वाटला असता. परंतु दशके लोटली तशी केवळ रासायनिक खतावरील नाचणीचे उत्पन्न घसरत गेले, आणि शेणखताची जोड असलेल्या वाफ्यांनी तग धरला. सर्वांत अधिक उत्पन्न मात्र शेणखत आणि रासायनिक खत एकत्र दिलेल्या वाफ्याचे आले. सेंद्रिय शेतीच्या कट्टर पुरस्कर्त्याला हा निकाल पूर्णपणे आवडणार नाही आणि खतविक्रेत्यालाही तो रुचणार नाही. खऱ्या संशोधनाची खूण हीच असते. त्याच १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळच्या थेरविल गावी असाच एक तौलनिक प्रयोग सुरू झाला. एकवीस वर्षांनंतर त्याचा निष्कर्ष असा निघाला, की सेंद्रिय वाफ्यांचे उत्पन्न सुमारे वीस टक्क्यांनी कमी, पण खताचा वापर एकतृतीयांश ते निम्म्याने कमी आणि मातीतील जीवसृष्टी अधिक समृद्ध. तीन वर्षांच्या मंजुरीवर यांपैकी एकही गोष्ट कळली नसती.

घाईने काय होते, याचेही उदाहरण कर्नाटकानेच दिले आहे आणि त्याचे मूळ आमच्या विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांची ‘झिरो बजेट’ नैसर्गिक शेती महाराष्ट्रापेक्षा आधी कर्नाटकात रुजली, ती प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांनी उभारलेल्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांमुळे. दोनशे लिटरच्या पिंपात पाणी, दहा किलो देशी गाईचे शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळायचे आणि दोन दिवसांनी एका एकराला द्यायचे. हे जीवामृत ज्याने ढवळले आहे, त्याला त्यावर येणारा फेस आणि आंबूस वास ठाऊक आहे. पाळेकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, २०१९ च्या अंदाजपत्रकी भाषणात या शेतीचा गौरवाने उल्लेख झाला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी पुराव्यावाचून तिचा सरकारी प्रसार करू नये असा जाहीर इशारा दिला. मला दोन्ही पक्षांविषयी आदर आहे. शेतकऱ्याच्या अनुभवाला ‘भाबडेपणा’ म्हणणे चूक आणि शास्त्रज्ञाच्या शंकेला ‘कंपन्यांची दलाली’ म्हणणेही चूक. परंतु नंजुंडस्वामींच्या कार्यकर्त्यांनी या शतकाच्या आरंभीच पिंपे भरावयास सुरुवात केली होती. त्याच वेळी दहा ठिकाणी, दहा-दहा गुंठ्यांचे वाफे सरकारी खर्चाने राखून ठेवले असते, तर २०१९ साली वाद घालण्याऐवजी सर्वांनी मिळून निकालाचे तक्ते वाचले असते. प्रसार आधी आणि परीक्षण मागाहून, हा क्रम उलटा आहे.

गेल्या खेपेस म्हैसूरच्या देवराज बाजारात हिंडताना मी नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांचा एक फणा पाहिला. कागदासारखी पातळ साल, तीवर तपकिरी ठिपके, आणि फळ इतके नाजूक की पिकले म्हणजे देठापासून सुटून पडते. म्हणून विक्रेत्याने मला हात लावू दिला नाही, स्वतःच सुटे करून कागदावर ठेवले. या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण त्याची लागवड आटत आटत फार थोड्या शेतांवर आली आहे. कारण पनामा मर: मातीत राहणारी बुरशी, जी मुळांतून शिरून झाडाची पाणी वाहणारी नळी बंद करते आणि यजमान नसतानाही दशकानुदशके त्याच जमिनीत टिकते. तिच्यावर फवारणी चालत नाही, विकत घेता येईल असे औषध नाही. ऊतिसंवर्धनाने निरोगी रोपे तयार करता येतात, पण ती पुन्हा त्याच मातीत लावली की काही वर्षांत तीच गत. काही मातींत ही बुरशी वाढूच शकत नाही, तेथील इतर सूक्ष्म जीव तिला दाबून ठेवतात, हे जगात अनेक ठिकाणी दिसून आले आहे. नंजनगूडच्या मातीला ती शक्ती पुन्हा कशी येईल, हा शुद्ध सेंद्रिय शेतीच्या संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पंधरा वर्षांहून कमी काळात मिळण्याची आशा कोणी धरू नये.

माझी मागणी साधी आहे. सेंद्रिय व नैसर्गिक शेतीच्या प्रत्येक योजनेतील ठरावीक हिस्सा संशोधनाच्या स्वतंत्र शीर्षाखाली राखून ठेवावा. तो निधी वार्षिक मंजुरीच्या कचाट्यातून सोडवून किमान पंधरा वर्षांसाठी बांधून द्यावा. आणि नागनहळ्ळी, धारवाड, कर्जत यांसारख्या केंद्रांवरील कायमच्या वाफ्यांना हात लावण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नसावा. महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील वाचकांना माझी विनंती अशी, की यंदाचे राज्याचे अंदाजपत्रक हाती येईल तेव्हा सेंद्रिय शेतीच्या तरतुदीपुढील एकूण आकड्यावर समाधान मानू नका. त्यांतून संशोधनाला किती आणि किती वर्षांसाठी, हे दोन आकडे आपल्या आमदाराला लेखी विचारा.